गळतीचा इतिहास

‘गळती’ हा शब्द मराठीत सहसा हानीचाच वाचक आहे. छप्पर गळते, शाळेच्या पटावरील मुले गळतात. आयुष्यभर भाषेचे अध्यापन केलेल्या मला म्हणूनच, या स्मृतिव्याख्यानात, गळती हेच ज्याचे साधन ठरले अशा एका शोधाचा इतिहास सांगावासा वाटतो.

१८८० साली इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी समाक्ष केबलचे पेटंट घेतले. मधल्या तारेभोवती दुसऱ्या वाहकाची नळी असावी, म्हणजे शेजारच्या तारांतील संदेश एकमेकांत मिसळणार नाहीत, ही त्यामागील कल्पना. संदेश बाहेर निसटू नये, हाच या केबलचा धर्म होता.

परंतु बोगद्यात आणि खाणीत रेडिओलहरी फार दूर जात नाहीत. खडक त्या शोषून घेतो, वळणावर त्या क्षीण होतात. १९५६ साली मंक व विन्बिगलर यांनी बोगद्यातील धावत्या आगगाड्यांशी संपर्क साधण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. गळक्या केबलच्या कल्पनेचा उगम सामान्यतः तेथे मानला जातो. पुढे बेल्जियममध्ये देलोन्य आणि ब्रिटनमध्ये मार्टिन यांनी खाणींच्या दृष्टीने तिचा सखोल अभ्यास केला. बाहेरील वाहकाला मुद्दाम फटी ठेवल्या की संदेश केबलच्या सर्व लांबीभर थोडाथोडा पाझरतो, आणि कामगाराच्या हातातील यंत्राचा संदेश त्याच फटींतून आत शिरतो.

येथे सारा प्रश्न प्रमाणाचा आहे. गळती अधिक झाली तर संदेश दूरवर पोहोचत नाही. कमी झाली तर केबलच्या जवळ उभ्या असलेल्यालाही तो ऐकू येत नाही. म्हणून लांब भुयारात ठरावीक अंतरांवर प्रवर्धक बसवावे लागतात.

२ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियामधील सेगो खाणीत स्फोट झाला. आत अडकलेल्या कामगारांनी छतातील बोल्टावर घणाचे घाव घातले, पण ते वर कोणाला ऐकू गेले नाहीत. बारा जण दगावले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, तीन वर्षांच्या आत भूमिगत खाणींत दुतर्फा बिनतारी संपर्काची तरतूद करणे बंधनकारक केले, आणि तेथील अनेक खाणींनी गळकी केबल स्वीकारली. ती सर्वसमर्थ नाही. दरड कोसळून तुटली तर तिच्यापुढील भाग मुका होतो. म्हणून पर्यायी मार्गही राखावा लागतो.

तरीही पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक असलेला उपाय सक्तीने सर्वत्र जाण्यासाठी बारा माणसांचे मरण घडावे लागले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवली पाहिजे.