पारसिकच्या डोंगराचा इतिहास कोणाचा?

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी गाडी कळवा सोडते आणि उजव्या हाताला डोंगर उभा राहतो, डाव्या हाताला खाडी. मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत दक्षिणोत्तर पसरलेला हा पारसिकचा डोंगर. पावसाळ्यात हिरवागार, उन्हाळ्यात पळस-पांगाऱ्याचा लाल रंग सोडला तर करडा. रोज लाखो माणसे त्याच्या पायथ्याने जातात. पण या डोंगराला इतिहास आहे असे आमच्या पाठ्यपुस्तकांना कधी वाटले नाही. कारण इथे कोणी राजा राहिला नाही. राबणारी माणसे तेवढी राहिली.

डोंगराचा दगड काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खन घडले. सह्याद्रीत हे थर आडवे दिसतात. ठाणे-पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. कठीण थर सुरुंगाशिवाय फुटत नाही. वरचा कुजलेला मुरूम मात्र पावसात घसरतो. ही दोन सत्ये पुस्तकाआधी मजुराच्या हाताला कळली.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली, ती या डोंगराच्या नाकाडातून बोगदे काढूनच. पुढे १९१६ साली डोंगर आरपार कोरून सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा खुला झाला. इतिहासात कंपनीचे नाव राहिले, अभियंत्यांची नावे राहिली. पहार आणि घण ज्यांच्या हातात होते त्यांचे एकही नाव आपल्याला शिकवले जात नाही.

दगड फोडणे हा या देशात नुसता धंदा नाही, ती जात आहे. गाडी वडार, माती वडार, पाथरवट: कामाचीच नावे माणसांना चिकटली. ज्यांनी रस्ते आणि रूळ घातले, त्या भटक्या श्रमिकांच्या अनेक जमातींवर १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. कायद्यातला शिक्का पुसला. पोलीस चौकीतला पुसला काय?

जंगलाचीही तीच कथा. खैराचा काथ करणारे म्हणून काथोडी. जंगल सरकारी झाले आणि ठाणे-कुलाब्याच्या काथोड्यांचा पिढीजात उद्योग चोरी ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याच्या जुलमावर कोरडे ओढले. त्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती. दगड वाहणाऱ्याची पाठ त्यांनी जवळून पाहिली होती.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. त्याला लागणारी खडी याच डोंगराच्या पोटातून निघाली. मुंब्र्याच्या रेतीबंदरावर पाण्यात बुडी मारून माणसांनी रेती काढली. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उखडलेली हजारो मुसलमान कुटुंबे याच पायथ्याशी आली. वर मुंब्रादेवीचे देऊळ; नवरात्रात आगरी-कोळी, कामगार पायऱ्या चढतात. खाली अजान होते. एकाच डोंगराच्या आश्रयाला दोन्ही.

आश्रय मात्र सर्वांना सारखा नाही. बेलापूरच्या टोकाला डोंगरावर बंगले आहेत. तिथे डोंगर म्हणजे हवा आणि देखावा. मुंब्र्याच्या उतारावर झोपड्या आहेत; तिथे डोंगर म्हणजे पावसाळ्यातील दरडीची धास्ती. ४ एप्रिल २०१३ रोजी डोंगराच्या पूर्वेला शीळ येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. बांधणारे मजूर आणि त्यांची मुले त्याच इमारतीत राहत होती! ज्याने घर बांधले, त्याला ते घर थडगे म्हणून मिळाले.

तेव्हा ‘डोंगर वाचवा’ म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच म्हणणे आहे. झाडे वाचलीच पाहिजेत, खाणींना आळा बसलाच पाहिजे. पण अतिक्रमण हा शब्द आधी झोपडीला आणि बंगल्याला शेवटी लागत असेल, तर ते पर्यावरण नव्हे, ती वर्णव्यवस्थाच आहे. आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना सांगणे असे की, खाणीत राबलेली, रेती काढलेली म्हातारी माणसे अजून आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्याकडे वह्या घेऊन जा. त्यांच्या तोंडचे लिहून घ्या. कातळाला कोट्यवधी वर्षांचे आयुष्य आहे. या माणसांना तेवढा वेळ नाही.