शिक्षा जड झाली, हे सांगायचे कोणाला?

१४ सप्टेंबर १८९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी लोकमान्य टिळकांना १८ महिने सक्तमजुरी सुनावली. ज्युरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी मानले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. ‘केसरी’तला मजकूर मराठी, पण निकाल फिरला तो त्याच्या इंग्रजी भाषांतरावर. ज्या शब्दांपायी माणूस तुरुंगात जातो, ते शब्द न्याय करणाऱ्यांना मूळ भाषेत वाचताच येऊ नयेत, ही गोष्ट आम्हां सीमावासीयांना केवळ इतिहासातली वाटत नाही. त्यातच राजद्रोहाच्या कलमातील कळीच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ स्ट्रेची यांनी ज्युरीला ‘प्रीतीचा अभाव’ असा सांगितला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला, तर सुटणार कोण?

उच्च न्यायालयात ज्युरीपुढे चाललेल्या अशा खटल्यावर तेव्हा सर्वसाधारण अपिलाची सोय नव्हती. प्रिव्ही कौन्सिलपुढे अ‍ॅस्क्विथ यांनी परवानगी मागितली. तीही नाकारली गेली. म्हणजे शिक्षा जड आहे, हे कायद्याच्या भाषेत सांगण्याचे दार बंद झाले. उरला दयेचा अर्ज.

तो अर्ज राणीकडे गेला. त्यावर मॅक्सम्यूलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्या सह्या होत्या. मॅक्सम्यूलर यांना टिळक ठाऊक होते ते ‘ओरायन’ या १८९३ च्या वैदिक कालनिर्णयाच्या ग्रंथामुळे. मराठी लेखणीने तुरुंगात धाडले आणि वेदाभ्यासाने सुटकेची वाट काढली, असा हा योग! मात्र अपील आणि दयायाचना यांत मोठे अंतर आहे. अपिलात न्यायालयाची चूक दाखवायची असते. दयेच्या अर्जात निकाल तसाच उभा राहतो.

६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक सहा महिने आधी सुटले, पण अटींवर. आपल्या सन्मानाच्या समारंभांना जायचे नाही, आणि पुन्हा राजद्रोहाचा दोष सिद्ध झाल्यास माफ झालेले सहा महिनेही भोगायचे.

१९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली. या वेळी ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. कौल सात विरुद्ध दोन असा पडला. शिक्षा सुनावताना न्यायमूर्ती दावर यांनी त्या जुन्या सवलतीची आठवण काढली, ती टिळकांवर झालेला उपकार म्हणून. शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि १,००० रुपये दंडाची. पुढे सरकारने दंड माफ केला व काळ्या पाण्याऐवजी साधी कैद दिली. वर्षे मात्र सहाच राहिली, आणि ती मंडालेत गेली.