सोन्याची तार आणि टायटॅनियमचा स्क्रू

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक संदेश फिरत असतो, ‘डेंटल इम्प्लांट हजार वर्षांपूर्वी मुसलमानांनी शोधलं.’ आपल्यातले बरेच जण तो पुढे ढकलतात. मूळ हकीकत मात्र वेगळी आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते.

अबुल कासिम अल-जहरावी हे अंदलुसमधले, कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्जहराचे शल्यवैद्य. त्यांच्या ‘किताबुत्तसरीफ’चा तिसावा आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना तारेने कसे बांधावेत, हे त्यात सांगितलं आहे. तार शक्यतो सोन्याची घ्यावी, कारण चांदी काही दिवसांत हिरवी पडते, सोनं आहे तसं राहतं. पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडातून दात कोरून बांधता येतो, असंही ते लिहितात. बाराव्या शतकात तोलेदोला हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपचे वैद्य तो वाचू लागले.

पण तो दात हाडात रुजलेला नव्हता, शेजाऱ्यांना बांधलेला होता. म्हणून त्याला इम्प्लांट म्हणता येत नाही. ते श्रेय स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांचं. १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण त्यांना काढता येईना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे टायटॅनियमचे स्क्रू बसले.

अल-जहरावींना पडलेला प्रश्न मात्र संपला नाही: तोंडाच्या ओलाव्यात, रोजच्या चावण्यात जोड टिकवायचा कसा? आजच्या इम्प्लांटचे बहुधा दोन भाग असतात आणि ते एका बारीक स्क्रूने जोडलेले असतात. आवळल्यावर तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळेच दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. पण पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे चेपले की ताण थोडा उतरतो. त्यामुळे पुष्कळ डॉक्टर दहाएक मिनिटांनी तो पुन्हा आवळतात.

तरीही मधे काही मायक्रॉनची फट राहते. जंतूंना तेवढी पुरते. मग वास येतो, हिरडी सुजते. फट बुजवायला सिलिकॉनचे लेप, जंतुनाशक जेल वापरून पाहतात. त्याने गळती कमी होऊ शकते, पूर्ण बंद होईलच असं नाही. शिवाय जेल आट्यांत गेलं की घर्षण बदलतं आणि तेवढ्याच जोराने आवळलेल्या स्क्रूचा ताणही बदलतो. स्क्रूच्या डोक्यावर तर प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो तसली पांढरी टेफ्लॉन टेप भरतात. तिचं काम साधं आहे: उद्या स्क्रू ढिला झाला, तर वरचं सिमेंट काढून त्याच्यापर्यंत पुन्हा पोहोचता यावं.