नवरा-बायको आणि मोबाईलचं लोकेशन : काळजी कुठं संपते, पाळत कुठं सुरू होते?

‘कुठं आहेस?’ असं फोन करून विचारण्याऐवजी आता मॅपवरचा ठिपका बघितला जातो. बेळगावहून रात्री गोव्याला गाडी घेऊन जाणारा ड्रायव्हर असो, कागलच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी करून निपाणीला परतणारा कामगार असो किंवा नाइट ड्युटीवरून घरी येणारी नर्स, घरच्यांना काळजी असतेच. तेवढ्यापुरतं लोकेशन शेअर केलं तर कुणाची हरकत नसते.

भांडण सुरू होतं ते वेगळ्या ठिकाणी. न सांगता जोडीदाराच्या फोनमध्ये ॲप टाकलं जातं, पासवर्ड काढून घेतला जातो, आणि मग ‘दुपारी दीड तास तिथं काय करत होतीस?’ असे सवाल येऊ लागतात. त्यात गेल्या वर्ष-दोन वर्षांत न्यायालयांचे काही निकाल आले. व्हॉट्सॲपवर त्यातलं ‘चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालतं’ एवढंच वाक्य फिरतं, आणि ते वाचून लोकांना वाटतं की पाळत ठेवायला मोकळीक मिळाली. तसं नाही. कायदा केंद्राचा असल्यामुळं बेळगाव, गोवा, ग्वाल्हेर, वडोदरा, सगळीकडच्या वाचकांना पुढची माहिती सारखीच लागू आहे.

लोकेशन कळतं कसं?

फोन आपली जागा तीन मार्गांनी ओळखतो : उपग्रह म्हणजे जीपीएस, आसपासचे वायफाय आणि मोबाईल टॉवर. मोकळ्या आभाळाखाली जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा सांगतं. इमारतीत किंवा घाटात त्यात फरक पडतो. नुसत्या टॉवरवरून काढलेली जागा काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकते.

ही जागा दुसऱ्याला कळण्याचे मार्गही वेगवेगळे आहेत. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं आणि मुदत संपली की आपोआप बंद होतं. गूगल मॅप्सवर मात्र ‘बंद करेपर्यंत’ असाही पर्याय आहे. एकदा तो निवडला की माणूस विसरून जातो आणि ठिपका महिनोन्‌महिने दिसत राहतो. तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित : गूगल खात्याचा पासवर्ड. तो ज्याच्याकडं आहे, त्याला हरवलेला फोन शोधायच्या सोयीतून तुमचा फोन कुठं आहे ते बघता येतं. चौथा मार्ग लपवलेल्या हेरगिरी ॲपचा. यातली बरीच ॲप ‘मुलांवर लक्ष ठेवा’ अशा नावानं विकली जातात. गूगल प्ले स्टोअरच्या नियमानुसार अशी ॲप आई-वडिलांनी मुलांसाठी किंवा कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी वापरायची आहेत. जोडीदारावर वापरायला मनाई आहे, त्याची परवानगी असली तरीसुद्धा.

राहिला प्रश्न कंपनीकडून मिळणाऱ्या कॉल आणि टॉवरच्या नोंदींचा, म्हणजे सीडीआरचा. त्या पोलीस आणि तपास यंत्रणांना कायदेशीर मार्गानंच मिळतात. ‘आमची ओळख आहे, काढून देतो’ म्हणणारा माणूस गुन्हा करत असतो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असे सीडीआर विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

ठिपका काय सांगतो आणि काय नाही?

आपल्या भागात हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे. चोर्ला घाटात किंवा आंबोलीत रेंज गेली की मॅपवर शेवटची जागा तशीच दिसत राहते. बघणाऱ्याला वाटतं, माणूस तासभर एकाच जागी थांबलाय. शिनोळीसारख्या हद्दीवरच्या गावात फोन कधी अलीकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. बॅटरी वाचवायची सेटिंग चालू असेल तर लोकेशन उशिरा पुढं सरकतं.

आणि जागा अगदी बरोबर असली तरी ठिपका फक्त फोन कुठं आहे ते सांगतो. माणूस तिथं कशाला गेला, कुणाबरोबर गेला, हे सांगत नाही. दवाखाना, सोनाराचं दुकान आणि लॉज एकाच इमारतीत असू शकतात. संशय मनात धरून बघणाऱ्याला त्यातलं एकच दिसतं.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. लग्न झालं म्हणून हा हक्क संपत नाही. २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका पत्नीनं मागितलेल्या पतीच्या आधार माहितीच्या प्रकरणात हेच धोरण ठेवलं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयानं सांगितलं की पती पत्नीला मोबाईल किंवा बँक खात्याचा पासवर्ड द्यायची सक्ती करू शकत नाही. अशी सक्ती कौटुंबिक हिंसाचारातही मोडू शकते.

फौजदारी बाजू अशी :

• भारतीय न्याय संहिता, कलम ७८ : पुरुषानं स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. या कलमात नवऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही.

• माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६ : परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं किंवा त्यातली माहिती काढणं. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम बायकोनं नवऱ्याच्या फोनमध्ये केलेल्या उद्योगालाही लागू होतं.

• त्याच कायद्याचं कलम ६६ क : दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

• कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ : मानसिक छळ हाही हिंसाचार आहे. सततची पाळत आणि त्यावरून होणारी जाच-विचारणा त्यात मांडता येते.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र इथं कामाचा नाही. घरगुती कारणासाठी व्यक्तीनं केलेली माहितीची हाताळणी त्यातून वगळलेली आहे.

‘पुरावा चालतो’ म्हणजे ‘परवानगी आहे’ नव्हे

सगळा घोळ इथं होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं पत्नीच्या नकळत मिळवलेल्या कॉल नोंदी पुरावा म्हणून नाकारल्या. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठानं उलट निकाल दिला. तिथं नवऱ्यानं बायकोच्या फोनमध्ये ॲप टाकून तिचे चॅट स्वतःकडं वळवले होते. घटस्फोटाच्या दाव्यात ते दाखल करून घेता येतील, असं खंडपीठानं म्हटलं. पुढच्याच महिन्यात, १४ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयानंही चोरून रेकॉर्ड केलेलं पती-पत्नीचं संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असा निकाल दिला.

पण ग्वाल्हेरच्याच निकालात हेही आहे की पुरावा दाखल झाला म्हणून तो बेकायदा मिळवणारा दिवाणी-फौजदारी जबाबदारीतून सुटत नाही. म्हणजे एकाच वेळी चॅट दाव्यात वाचलं जाईल आणि ते काढणाऱ्यावर गुन्हाही दाखल होऊ शकेल. सर्वोच्च न्यायालयानंही, नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला आले असतील तर ते नातं आधीच मोडल्याचं लक्षण आहे, अशा आशयाचं निरीक्षण नोंदवलं.

आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या आरोपीवर घातलेली गूगल मॅपवर पिन टाकायची जामिनाची अट रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. जामिनावरच्या आरोपीला जी मोकळीक आहे, ती घरातल्या माणसाला नसावी काय?

‘फोन मीच घेऊन दिलाय, सिम माझ्या नावावर’

हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. उपकरण कुणाच्या मालकीचं, यावर कलम ४३ खाली वकील वाद घालू शकतात. पण कलम ७८ मध्ये फोन कुणाच्या पैशाचा, हा प्रश्नच नाही. खासगीपणाचा हक्क माणसाचा असतो, बिलावर नाव कुणाचंही असो.

स्वतःचा फोन असा तपासा

१. गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर दाबा आणि ‘लोकेशन शेअरिंग’ उघडा. कुणाला दिसतंय ते कळेल.
२. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ खाली ‘लाइव्ह लोकेशन’ बघा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला नाही ना, तेही बघा.
३. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपला ‘कायम’ लोकेशनची परवानगी आहे ते तपासा.
४. गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात तुमचं खातं किती उपकरणांवर उघडं आहे ते दिसतं. अनोळखी उपकरण काढून पासवर्ड बदला.
५. प्ले स्टोअरमधून ‘प्ले प्रोटेक्ट’चं स्कॅन करा. आयफोनवर ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे.

एक सावधगिरी महत्त्वाची. घरात मारहाणीची भीती असेल तर हे लगेच बंद करू नका. ठिपका अचानक गायब झाला की समोरच्याला कळतं. आधी दुसऱ्याच्या फोनवरून माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा, दिसलं त्याचे फोटो काढून ठेवा आणि मग सल्ला घ्या.

दोघांनी ठरवूनच करायचं असेल तर

भागीदारीच्या धंद्यात वही दोघांनाही उघडी असते, म्हणून धंदा चालतो. एकानं रात्री चोरून वही चाळायला सुरुवात केली की आकडे बरोबर असले तरी भागीदारी टिकत नाही. लोकेशनचंही तसंच आहे. शेअर करायचं तर दोघांचं दोघांना दिसावं. कशासाठी आणि किती वेळ, ते बोलून ठरवावं, प्रवासापुरतं, रात्रपाळीपुरतं. एखाद्या दिवशी बंद ठेवलं तर त्याचा जाब विचारू नये. आणि सासू, दीर, मेव्हणा यांना तो ठिपका दाखवू नये. परवानगी जोडीदारापुरती असते.

संशय खरोखर मनात असेल तर ॲपनं तो मिटत नाही, उलट दर तासाला नवा खुराक मिळतो. समोर बसून विचारणं, नाही जमलं तर समुपदेशक किंवा घरातलं जाणतं माणूस मध्ये घेणं, हाच मार्ग राहतो.

मदत कुठं मिळेल?

तातडीच्या वेळी ११२. महिला हेल्पलाइन १८१. सायबर तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्राच्या पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००. हे सगळे क्रमांक देशभर चालतात, हद्दीच्या अलीकडंही आणि पलीकडंही.