बॉम्बवरच्या पहाऱ्यात सापडलेले किरण

हात मोडला की तालुक्याला जाऊन एक्स-रे काढतात, ते क्ष-किरण आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्याहून जोरकस ते गॅमा किरण. कॅन्सरच्या दवाखान्यात कोबाल्टच्या मशीनवर ‘शेक’ देतात, त्यात हेच असतात. आभाळातूनही ते येतात, पण हवेचं जाड पांघरूण त्यांना वरच अडवतं. अडवतं ते बरंच आहे. मात्र त्यामुळे ते बघायचे तर यंत्र हवेच्या वर न्यावं लागतं.

हे किरण अचानक भडकतात, ही गोष्ट कळली ती मात्र शास्त्रज्ञांच्या दुर्बिणीला नाही, पहारेकऱ्याला. १९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी करार केला, की हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुबॉम्बची चाचणी करायची नाही. करार झाला, विश्वास कुठला! चोरून कुणी बॉम्ब फोडला तर कळावं म्हणून अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने लाखभर किलोमीटर उंचीवर धाडले. बॉम्ब फुटला की गॅमा किरण निघतात, ते टिपायचं त्यांचं काम.

२ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक भडका टिपला. नोंद तशीच पडून राहिली. १९६९ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन जुन्या नोंदी चाळत बसले, तेव्हा ती नजरेस पडली. बॉम्बची खूण वेगळी असते; ही तशी नव्हती. मग आलं कुठून? ढगाचा गडगडाट एका वाडीला आधी आणि दुसरीला मागाहून पोचतो, त्यावरून ढग कुठे ते आपण ओळखतो. तसंच पुढच्या उपग्रहांच्या वेळा ताडून पाहिल्या. भडके पृथ्वीवरचे नव्हते आणि सूर्याचेही नव्हते. १९७३ साली असे सोळा भडके जगापुढे मांडले गेले.

जवळचे की लांबचे, हा वाद पुढे वीसेक वर्षं चालला. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने नऊ वर्षांत २,७०४ भडके मोजले. आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात दाटले असते. पण ते पाभरीने तासात पेरल्यासारखे नव्हते, हाताने फोकल्यासारखे आभाळभर होते. ग्रीसमधून आलेल्या क्रिसा कूव्हेलिओटू या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ साली ते निवडून दोन ढीग केले: दोन सेकंदांच्या आतले आणि त्याहून लांबलेले.

मे १९९७ मधल्या एका भडक्याचं अंतर अखेर हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने मोजलं. त्या गटात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. किरण निघून सुमारे सातशे कोटी वर्षं झाली होती. आपली पृथ्वी साडेचारशे कोटींची. ते निघाले तेव्हा तिचा पत्ताच नव्हता.

लांबलेले भडके बहुतेक थोरल्या ताऱ्यांच्या मरणाचे. आखूड भडक्यांचं एक कारण १७ ऑगस्ट २०१७ रोजी पकडलं गेलं: दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. आधी त्या धडकेचा हादरा पृथ्वीवरच्या यंत्रांना लागला, आणि पावणेदोन सेकंदांत वर फिरणाऱ्या फर्मी दुर्बिणीला गॅमा किरण दिसले.