वर्ड प्रोसेसरमधील ‘स्टाइल’ची उपयुक्तता

संगणकावर लिहिताना प्रत्येक शीर्षक निवडून ते ठळक करणे, त्याचा आकार वाढवणे ही अनेकांची सवय असते. दोन पानी पत्रात ती खपून जाते. दोनशे पानी प्रबंधात मात्र मार्गदर्शकांनी शीर्षकांचा आकार बदलण्यास सांगितले, की पानन् पान चाळावे लागते. हे श्रम वाचवणारी सोय म्हणजे ‘स्टाइल’.

फॉन्ट, आकार, रंग, ओळींतील अंतर अशा गुणधर्मांच्या संचाला दिलेले नाव म्हणजे स्टाइल. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या १९८३ मधील पहिल्या आवृत्तीतही ही सोय होती. एखाद्या ओळीला ‘हेडिंग १’ ही स्टाइल दिली, की ती शीर्षक असल्याची नोंद दस्तऐवजात होते. नंतर स्टाइलमध्ये एकदाच बदल केला, तरी त्या नावाची सर्व शीर्षके बदलतात. त्यांच्यावरूनच पृष्ठांकांसह अनुक्रमणिका तयार करता येते. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडरही याच नोंदीच्या आधारे एका शीर्षकावरून दुसऱ्याकडे जातात. नुसती ठळक केलेली ओळ त्यांच्या लेखी साधा मजकूरच असते.

विंडोजवरील वर्डमध्ये कर्सर शीर्षकावर ठेवून कंट्रोल, आल्ट व १ या कळा एकत्र दाबल्यास ‘हेडिंग १’ लागू होते. लिबरऑफिस रायटरमध्ये कंट्रोल व १ पुरेसे आहे.

मराठीसाठी एक दक्षता आवश्यक आहे. वर्डच्या स्टाइलमध्ये रोमन व देवनागरी लिपींचे फॉन्ट स्वतंत्रपणे नोंदवले जातात. देवनागरीचा फॉन्ट व आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या विभागात बदलावा. अन्यथा मराठी अक्षरे जशीच्या तशी राहतात.