राज्यपालाची निवडणूक, 'पुरोगामी' उमेदवार आणि खानदेश

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो. पन्नासही राज्यांत ही पद्धत आहे. न्यू हॅम्पशायर आणि व्हर्माँट येथे त्याची मुदत दोन वर्षांची असते, उर्वरित सर्व राज्यांत चार वर्षांची. त्यामुळे तिकडच्या निवडणुकांच्या बातम्यांत 'पुरोगामी उमेदवाराला पाठिंबा द्या' अशी आवाहने नेहमी आढळतात. त्या आवाहनांना शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. विस्कॉन्सिन राज्यात १९०१ ते १९०६ या काळात गव्हर्नर असलेल्या रॉबर्ट ला फॉलेट यांनी रेल्वे कंपन्यांवर सरकारी नियंत्रण आणले आणि पक्षाचा उमेदवार ठरविण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या बैठकीतून काढून मतदारांच्या हाती दिला. तिकडे 'पुरोगामी' या शब्दाला वजन आले ते अशा कृतींमुळे.

आपल्याकडे 'गव्हर्नर' म्हणजे राज्यपाल. जळगाव किंवा धुळ्याच्या मतदाराला राज्यपालासाठी मत देण्याची वेळ कधीच येत नाही. राज्यघटनेच्या १५५ व्या कलमानुसार राष्ट्रपती राज्यपालाची नेमणूक करतात, आणि १५६ व्या कलमानुसार राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. व्यवहारात ही मर्जी केंद्र सरकारची असते. मात्र ही व्यवस्था घटनाकारांच्या मनात पहिल्यापासून नव्हती. राज्यपाल लोकांनी निवडावा असेच प्रथम ठरले होते, आणि या गोष्टीचा एक धागा थेट खानदेशात येऊन पोहोचतो.

डिसेंबर १९३६ मध्ये तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मंत्रिमंडळे मिळणार होती, पण त्यांच्या डोक्यावर ब्रिटिश सरकारने नेमलेला गव्हर्नर विशेषाधिकारांसह कायम होता. फैजपूरच्या अधिवेशनाने हा कायदा नाकारला आणि प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीची मागणी पुन्हा केली. नेमलेल्या गव्हर्नरविषयीचा रोष त्या मागणीच्या मुळाशी होता, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

पुढे घटना समिती प्रत्यक्षात आली तेव्हा या रोषाचे पडसाद उमटले. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील प्रांतिक घटना समितीने राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा अशी शिफारस केली आणि जुलै १९४७ मध्ये घटना समितीने ती स्वीकारली. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात मात्र दोन पर्याय आले. पहिला थेट निवडणुकीचा, तर दुसरा असा की विधिमंडळाने चार नावे सुचवावीत व राष्ट्रपतींनी त्यांतून एक निवडावे. मे १९४९ च्या अखेरीस चर्चा झाली तेव्हा हे दोन्ही पर्याय मागे पडले आणि ब्रजेश्वर प्रसाद यांची नेमणुकीची सूचना मान्य झाली. थेट निवडून आलेला राज्यपाल आणि बहुमताचा पाठिंबा असलेला मुख्यमंत्री समोरासमोर उभे ठाकले तर राज्य चालणार कसे, हा मुख्य आक्षेप होता. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत प्रांतिक अलगपणा वाढण्याची भीतीही होती. राज्यपालाचे अधिकार इतके नाममात्र आहेत, की त्यासाठी निवडणुकीचा खर्च करावा कशाला, असा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या युक्तिवादाचा रोख होता. फैजपूरला अध्यक्ष असलेल्या नेहरूंनीही नेमणुकीचीच बाजू घेतली.

'नाममात्र' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

लोकांना राज्यपाल निवडता येत नसला, तरी त्याची नेमणूक ज्यांच्या सहीने होते त्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदाराचा अप्रत्यक्ष वाटा असतो. तो किती, हे पाहणे उद्‌बोधक आहे. राष्ट्रपतिपदासाठी संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते, आणि ही लोकसंख्या अद्याप १९७१ च्या जनगणनेची धरली जाते. महाराष्ट्राची तेव्हाची ५ कोटी ४ लाख लोकसंख्या २८८ आमदारांत विभागून पुन्हा एक हजाराने भागली की १७५ येतात. जळगाव जिल्ह्यात आज विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत, धुळे जिल्ह्यात ५. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतील १६ आमदारांच्या मतांचे एकत्रित मूल्य २,८०० होते. २०११ च्या जनगणनेत या दोन जिल्ह्यांत सुमारे ६२ लाख ८० हजार माणसे होती. खासदारांची मते वेगळी. तरीही आकडा लहानच राहतो. या निवडणुकीत पक्षांना व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. त्यामुळे आमदाराने कोणाला मत दिले हे त्याच्या मतदारालाही अधिकृतपणे कळण्याची सोय नाही.

या लहानशा आकड्याला खानदेशात एकदाच मोठा अर्थ प्राप्त झाला, तो २००७ मध्ये. त्या वर्षी काँग्रेसच्या नेतृत्वाखालील आघाडीने राष्ट्रपतिपदासाठी राजस्थानच्या तत्कालीन राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांना उमेदवारी दिली. या आघाडीचे मराठी नावच 'संयुक्त पुरोगामी आघाडी' होते. खानदेशाने आजवर महाराष्ट्राला एकही मुख्यमंत्री दिलेला नाही. या पार्श्वभूमीवर देशाच्या सर्वोच्च पदासाठी जळगावचे नाव पुढे आल्याने येथील जनमानस हरखून गेले, यात नवल नव्हते.

श्रीमती पाटील यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजी जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे झाला. मूळजी जेठा महाविद्यालयातून त्या एम.ए. झाल्या आणि पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायदा शिकल्या. महाविद्यालयीन काळात टेबल टेनिसमध्ये त्यांचे नाव होते. १९६२ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावमधून आमदार झाल्या. त्यानंतर १९६७ पासून सलग चार वेळा एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, त्या निवडून आल्या. उपमंत्री, मंत्री, राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार अशी पदे भूषवून ८ नोव्हेंबर २००४ रोजी त्यांनी राजस्थानच्या राज्यपालपदाची सूत्रे हाती घेतली. तेथील त्या पहिल्या महिला राज्यपाल. मुख्यमंत्री वसुंधरा राजे आणि विधानसभाध्यक्ष सुमित्रा सिंह याही महिलाच असल्याने राजस्थानात तेव्हा तिन्ही प्रमुख घटनात्मक पदांवर स्त्रिया होत्या.

त्यांच्या कारकिर्दीत 'पुरोगामी' हा शब्द दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा वेगळ्या बाजूने. जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांनी महाराष्ट्रात 'पुरोगामी लोकशाही दला'चे, म्हणजे पुलोदचे, सरकार स्थापन केले. जनसंघाच्या मुशीतून आलेली मंडळी आणि समाजवादी या मंत्रिमंडळात शेजारी शेजारी बसली होती. फेब्रुवारी १९८० मध्ये हे सरकार बरखास्त झाले. त्याआधीच्या काही महिन्यांत, जुलै १९७९ पासून, विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदी होत्या प्रतिभाताई पाटील. ज्या नावाच्या सरकारवर त्यांनी विरोधी बाकांवरून टीका केली, त्याच नावाच्या आघाडीने अठ्ठावीस वर्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले, आणि तेव्हा शरद पवार त्याच आघाडीत केंद्रीय मंत्री होते. राजकारणात शब्द भाड्याने मिळतात, असे जुनी मंडळी म्हणतात त्यात तथ्य असावे.

मग उमेदवार पुरोगामी आहे हे ओळखायचे कशावरून? आघाडीचे नाव त्याला पुरेसे नाही. पदावर असताना केलेली कृती हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा. श्रीमती पाटील यांच्या बाबतीत असा एक प्रसंग राजस्थानात घडला. २००६ मध्ये तेथील विधानसभेने धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक मंजूर केले. घटनेच्या २०० व्या कलमानुसार ते राज्यपालांच्या संमतीसाठी आले. त्यातील तरतुदींमुळे धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला बाधा येते, असा आक्षेप घेऊन श्रीमती पाटील यांनी संमती न देता ते परत पाठविले. समर्थकांच्या दृष्टीने हे घटनेचे रक्षण होते. विरोधकांनी निवडून आलेल्या विधानसभेच्या कामात नेमलेल्या राज्यपालाचा अडथळा म्हणून त्यावर टीका केली. दोन्ही म्हणण्यांत वजन आहे. मूलभूत हक्काचा प्रश्न असताना राज्यपालांनी थांबून विचार करायला लावणे हे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटते; पण हाच अधिकार उद्या दुसऱ्या विचाराच्या राज्यपालाच्या हाती असेल, हे विसरून त्याचे कौतुक करता येत नाही.

२००७ च्या निवडणुकीत समोर उमेदवार होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, राजस्थानचे माजी मुख्यमंत्री. श्रीमती पाटील यांचे पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे, पण घराणे मूळचे राजस्थानातले. त्यामुळे खानदेशची कन्या राजस्थानची सूनही ठरली. केंद्र सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी शिवराज पाटील यांच्या नावाला मान्यता दिली नव्हती. प्रतिभाताईंच्या नावावर १४ जून रोजी एकमत झाले. खरी खळबळ माजली ती त्यानंतर. भाजपसोबत युतीत असलेल्या शिवसेनेने मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत असल्याच्या मुद्द्यावर त्यांना पाठिंबा जाहीर केला. कम्युनिस्ट आणि शिवसेना एकाच उमेदवाराच्या मागे उभे राहिल्याचे दुर्मीळ दृश्य त्या निमित्ताने दिसले.

पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकाचे कारण निराळे होते. डाव्यांना धर्मनिरपेक्ष राजकीय व्यक्ती हवी होती. शिवसेनेला मराठी अस्मिता महत्त्वाची वाटली. देशातील पहिली महिला राष्ट्रपती हा मुद्दा काँग्रेसने पुढे ठेवला. खानदेशात जिल्ह्याचा अभिमान या सर्वांवर मात करून गेला. टीकेचीही कमतरता नव्हती. त्यांनी स्थापन केलेल्या जळगावच्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता. तो विषय विरोधकांनी दिल्लीपर्यंत नेला. पडदा पद्धतीचा संबंध मुघल आक्रमणाशी जोडणाऱ्या त्यांच्या उदयपूरमधील वक्तव्यावर इतिहासकारांनी आक्षेप घेतला. पुरोगामी म्हणून उभ्या केलेल्या उमेदवाराला हे वक्तव्य शोभणारे नव्हते. सहकारी बँकेचा प्रश्न तर ठेवीदारांच्या घरातला होता, आणि अभिमानाच्या लाटेत त्यावर जिल्ह्यात जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

१९ जुलै रोजी मतदान झाले आणि २१ जुलै रोजी निकाल लागला. श्रीमती पाटील यांना ६,३८,११६ मूल्याची मते मिळाली, शेखावत यांना ३,३१,३०६. २५ जुलै २००७ रोजी त्यांचा शपथविधी झाला. शिवसेनेचे पाऊलही एकदाच वाकडे पडले असे नाही. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी यांना पक्षाने आघाडीची चौकट मोडून पाठिंबा दिला. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेने द्रौपदी मुर्मू यांची बाजू घेतली. मुर्मू याही झारखंडच्या माजी राज्यपाल. म्हणजे आजवरच्या दोन्ही महिला राष्ट्रपती राजभवनातूनच राष्ट्रपती भवनात पोहोचल्या.

आता घटना समितीतल्या त्या 'नाममात्र' शब्दाकडे वळू. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी भल्या सकाळी मुंबईच्या राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला; ते सरकार चार दिवसही टिकले नाही. महाविकास आघाडी सरकारने २०२० मध्ये विधान परिषदेसाठी सुचविलेल्या १२ नावांवर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी सरकार जाईपर्यंत निर्णय घेतला नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, तेव्हा जळगाव जिल्ह्यातील पक्षाचे चारही आमदार आणि मुक्ताईनगरचे अपक्ष आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. राज्यपालांनी तत्कालीन मुख्यमंत्र्यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. ती कृती समर्थनीय नव्हती, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. परंतु ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने पूर्वीचे सरकार परत आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले.

राज्यपाल कसा असावा याविषयी दोन आयोगांनी विस्ताराने लिहिले आहे. १९८८ च्या अहवालात सरकारिया आयोगाने राज्यपाल त्या राज्याबाहेरचा आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसलेला असावा, असे सुचविले. २०१० मध्ये पुंछी आयोगाने पाच वर्षांची निश्चित मुदत आणि महाभियोगासारखी पदच्युतीची पद्धत सुचविली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ केंद्रातील सरकार बदलले म्हणून राज्यपालाला काढता येणार नाही, असा निर्णय दिला. आयोगांच्या या शिफारशी मात्र घटनेत उतरल्या नाहीत. पुढच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत जळगाव-धुळ्याचे आमदार मुंबईत मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितील तेव्हा राज्यपालाच्या नेमणुकीचे नियम याहून वेगळे असतील, असे दाखविणारे चिन्ह तूर्त नाही.